जपानी लिलावाची ऑक्शन शीट: जुन्या गाडीसाठी तिच्यावर किती विसंबायचं?

जपानमधून पंचवीस-तीस वर्षांची गाडी मागवायची म्हटलं, की ती हाताने चाचपून बघणं बहुतेकांना शक्य नसतं. हातात येतं ते एक पानी तपासणीपत्रक, ज्याला सगळे ऑक्शन शीट म्हणतात. लाखो येनचे सौदे त्या एका पानावर होतात. त्यामुळे हे परीक्षण कुठल्या एका गाडीचं नाही, त्या पानाचं आणि ते बनवणाऱ्या तपासणीच्या सेवेचं आहे.

निकाल आधीच सांगायचा तर, पत्र्याच्या बाबतीत ही शीट कुठल्याही जुन्या गाडीच्या जाहिरातीपेक्षा कितीतरी प्रामाणिक असते. इंजिनाच्या बाबतीत ती जवळजवळ मुकी असते. आणि तिच्यावर सगळ्यात ठळक छापलेला आकडा, म्हणजे ग्रेड, हाच जुनी गाडी घेणाऱ्याच्या सगळ्यात कमी कामाचा.

एकाच कागदावर दोन हात

जपानमधल्या लिलावगृहांत यूएसएस सगळ्यात मोठं. टोकियोचा त्यांचा लिलाव चिबा प्रांतातल्या नोदा इथे दर गुरुवारी, नागोयाचा आइची प्रांतातल्या तोकाई शहरात दर शुक्रवारी. याशिवाय टोयोटाचं टीएए, प्रांतोप्रांतीच्या डीलर संघटनांचं जेयू, सीएए, अराई अशी बरीच आहेत. बोली लावायला सभासद असावं लागतं आणि सभासद व्हायला जुन्या मालाच्या व्यापाराचा परवाना, म्हणजे कोबुत्सुशो, लागतो. परदेशातला ग्राहक म्हणून निर्यात एजंटमार्फतच आत शिरतो.

शीटवर भरवसा ठेवता येतो त्याचं मूळ कारण असं, की तपासनीस लिलावगृहाचा माणूस असतो, विकणाऱ्याचा नसतो. पण अख्खी शीट त्याने लिहिलेली नसते, आणि इथेच पुष्कळ जण फसतात. गाडीचं मॉडेल, साधनसामग्री, "एकाच मालकाची", "सर्व्हिस बुक आहे" असली विक्रीची वाक्यं विकणारा भरतो. ग्रेड, गाडीच्या आकृतीवरच्या खुणा आणि तपासनिसाचा शेरा हे मात्र लिलावगृहाचं. पहिल्या भागाकडे जाहिरात म्हणून बघा, दुसऱ्याकडे साक्ष म्हणून. किरोकुबो, म्हणजे सर्व्हिसची नोंदवही, विकणाऱ्याच्या रकान्यात आहे म्हणून लिहिलेली असली तरी तिच्या पानांचे फोटो मागितल्याशिवाय ती धरायची नाही.

एक बाजूची गोष्ट, पण समजून घेण्यासारखी. इतक्या बऱ्या गाड्या लिलावात का येतात? शाकेन ही सक्तीची तपासणी नव्या गाडीला तीन वर्षांनी आणि पुढे दर दोन वर्षांनी करावी लागते. पेट्रोल गाडी तेरा वर्षांची झाली की वाहनकर सुमारे १५ टक्क्यांनी वाढतो, आणि वजनावरचा कर तेराव्या आणि पुन्हा अठराव्या वर्षी चढतो. म्हणून शाकेन संपत आलेली गाडी विकून टाकणं मालकाला परवडतं. उलट अर्थ असाही निघतो, की शाकेनला जो खर्च आला असता तो टाळूनच ही गाडी तुमच्याकडे येते आहे. तो खर्च बहुतेक वेळा खालच्या बाजूला असतो: सांध्यांवरचे रबरी बूट फाटलेले, बॉल जॉइंट सैल, सायलेन्सरला भोक.

ग्रेडचा आकडा

नव्याकोऱ्या गाडीला एस, मग ६, ५, ४.५, ४, ३.५, ३, २, १ आणि वेगळ्या रांगेत आर किंवा आरए. आतल्या बाजूला ए ते डी, काही ठिकाणी ई. इथवर सगळ्यांना माहीत असतं. ज्याचा पत्ता नसतो तो भाग म्हणजे किलोमीटरची कमाल मर्यादा. साधारण ५०,००० किमीच्या पुढे ५ मिळत नाही, १ लाखाच्या पुढे ४.५ नाही, दीड लाखाच्या पुढे ४ नाही. लिलावगृहागणिक थोडा फरक असतो, पण तत्त्व तेच.

आता दोन गाड्या घ्या. दोन्हींना ४. एक १,४०,००० किमी चाललेली, दुसरी ६०,०००. घाईत माणूस दुसरी उचलतो. पण पहिलीला किलोमीटरमुळे ४ च्या वर जाताच येत नव्हतं. तिचा पत्रा कदाचित ४.५ च्या लायकीचा असेल. दुसरीला वर जायला मोकळं रान होतं आणि तरी ती ४ वर अडली, म्हणजे तिचे गुण अंगावरच्या कशानेतरी खाल्ले. तीस वर्षांच्या गाडीत पत्रा महाग आणि इंजिनाची दुरुस्ती त्यामानाने स्वस्त, हे ध्यानात ठेवलं तर पहिली गाडी बहुतेक वेळा चांगला सौदा ठरते.

आर म्हणजे शूफुकुरेकी, दुरुस्तीचा इतिहास. याची व्याख्या काटेकोर आहे: साइड मेंबर, क्रॉस मेंबर, आतला एप्रन, पिलर, फायरवॉल, छत, फ्लोअर, डिकीचा तळ असे सांगाड्याचे भाग ठोकले, वाकले, बदलले किंवा दुरुस्त झाले असतील तरच आर. बोल्टने लागणारे फेंडर, बॉनेट, दरवाजे सगळे बदलले तरी आर लागत नाही. त्यामुळे आर नसलेल्या गाडीला कधी धक्काच लागला नाही असं समजू नये, आणि आर म्हणजे भंगार असंही नाही. वीस वर्षांपूर्वी डिकीच्या तळाला बसलेला धक्का नीट काढलेला असेल तर तशी आर गाडी ३.५ च्या गंजक्या गाडीपेक्षा घ्यायला बरी. धक्का एकदा बसतो आणि थांबतो. गंज थांबत नाही.

ग्रेड १ चं तर आणखी मजेशीर. पुरात बुडालेली गाडी, आग विझवायचं रसायन आत फवारलेली गाडी आणि टर्बो बदललेली किंवा ऑटोमॅटिकची मॅन्युअल केलेली गाडी, सगळ्या एकाच पंगतीत बसू शकतात. मॉडिफाय केलेली गाडी हवी असणाऱ्याने १ ला भिऊ नये. शेऱ्यात कारण लिहिलेलं असतं. ते वाचल्याशिवाय मात्र बोली लावू नये.

आकृतीवरच्या खुणा

शीटचा खरा जीव या छोट्या आकृतीत आहे. ए म्हणजे ओरखडा, यू म्हणजे पोचा, बी म्हणजे ओरखड्यासकट पोचा, डब्ल्यू म्हणजे दुरुस्ती करून उरलेली लाट, पी म्हणजे रंगाचा दोष, वाय म्हणजे तडा, एस म्हणजे गंज, सी म्हणजे पत्रा खाल्लेला गंज. पुढचा १, २, ३ आकडा तीव्रता सांगतो. एक्स म्हणजे तो भाग बदलायला हवा, एक्सएक्स म्हणजे आधीच बदललेला.

ए आणि यू वाचण्यात वेळ घालवू नका. तीस वर्षांत गाडीला ओरखडे पडणारच. लक्ष द्यायचं ते डब्ल्यू, एस, सी आणि एक्सएक्स यांच्यावर, आणि त्याहीपेक्षा त्यांच्या शेजारावर.

नमुन्यादाखल एक शीट कल्पून वाचू. निसान स्कायलाइन आर३२ जीटी-आर, मॉडेल कोड बीएनआर३२. वर्ष एच ४, महिना ८. मीटर ८६,०००. ग्रेड ३.५, आतून सी. उजव्या पुढच्या फेंडरवर एक्सएक्स. डाव्या मागच्या क्वार्टर पॅनलवर, चाकाच्या कमानीपाशी, डब्ल्यू२ आणि त्याला चिकटून एस१. बॉनेटवर ए२. शेऱ्यात शितामावारी साबि, ऑइल निजिमि, शागाई मफलर आणि शागाई एअर क्लीनर.

एच म्हणजे हेईसेई. त्यात १९८८ मिळवायचे, म्हणून एच ४ म्हणजे १९९२. शोवाचा एस असेल तर १९२५ मिळवायचे. एस ६३ म्हणजे १९८८. पण ऑगस्ट १९९२ ही पहिल्या नोंदणीची तारीख, कारखान्यातून बाहेर पडल्याची नाही. अमेरिकेत जुनी गाडी आयात करण्यासाठीची २५ वर्षांची अट उत्पादनाच्या तारखेपासून मोजतात, त्यामुळे सीमारेषेवरच्या गाडीचा उत्पादन महिना फ्रेम नंबरवरून वेगळा काढून घ्यावा लागतो. कॅनडात हीच अट १५ वर्षांची आहे. या जुन्या गाड्यांना सतरा अंकी व्हीआयएन, म्हणजे गाडीचा ओळख क्रमांक, नसतो, मॉडेल कोड आणि पुढे क्रमांक एवढाच फ्रेम नंबर असतो. नोंदणी कार्यालयात त्यावरून वाद होतात, म्हणून फायरवॉलवर ठोकलेल्या नंबराचा स्पष्ट फोटो आधीच मागवावा.

उजव्या फेंडरचं एक्सएक्स एकटं असतं तर फारसं बिघडत नाही, तो बोल्टचा भाग आहे. पण फेंडर बदलायची वेळ आली तेव्हा धक्का आत कुठवर गेला, हे बघायला हवं. एजंटला सांगायचं: बॉनेट उघडून उजव्या एप्रनचा, स्ट्रट टॉवरचा आणि रेडिएटरच्या आडव्या पट्टीचा फोटो, डाव्या बाजूच्या त्याच फोटोसोबत. कारखान्याचे स्पॉट वेल्डचे गोल ठिपके दोन्हीकडे सारख्या अंतरावर दिसले पाहिजेत. एका बाजूला ठिपके आणि दुसरीकडे गुळगुळीत रंग असेल तर तिथे काम झालेलं आहे.

डाव्या कमानीवरचं डब्ल्यू२ आणि एस१ हे जोडपं सगळ्यात वाईट. याचा सरळ अर्थ, गंज आला, कुणीतरी पुट्टी भरून रंग मारला आणि गंज पुन्हा वर आला. बाहेर एस१ एवढाच दिसत असला तरी कमानीच्या आतल्या आणि बाहेरच्या पत्र्यामध्ये त्याच्या कितीतरी पट असणार. कापून नवा पत्रा वेल्ड करायचा खर्च धरूनच बोलीची मर्यादा ठरवावी.

शितामावारी साबि म्हणजे खालच्या अंगाला गंज. हा शेरा जुन्या गाड्यांवर इतका सर्रास असतो की तो नसला तरच नवल, त्यामुळे एकट्या त्या शब्दावरून काही ठरत नाही. त्याच्या जागी फुशोकु, म्हणजे कुजणं, किंवा आना, म्हणजे भोक, असं लिहिलेलं असेल तर गाडी सोडून द्या. ऑइल निजिमि म्हणजे तेल पाझरतंय. ऑइल मोरे म्हणजे गळतंय. स्कायलाइनच्या जुन्या आरबी इंजिनाला निजिमि असणं चालतं, मोरे असेल तर कुठून ते विचारायचं. शागाई म्हणजे बाहेरच्या कंपनीचा भाग, जुनसेई म्हणजे कारखान्याचा मूळ.

मीटरच्या आकड्याशेजारी चिन्ह आहे का तेही बघा. तारा असेल तर मीटरशी छेडछाड झाली आहे, हॅश म्हणजे खरे किलोमीटर माहीत नाहीत, डॉलरचं चिन्ह म्हणजे मीटर बदलला आहे. तिसऱ्यात वाईट काही नाही, बदलल्याची नोंद आणि आधीचे किलोमीटर मिळाले म्हणजे झालं.

शीट जिथे गप्प बसते

तपासनिसाला एका गाडीला मोजकी मिनिटं मिळतात. तो इंजिन चालू करतो, ऐकतो, बघतो, आवारात हलवतो. कॉम्प्रेशन मोजत नाही, गरम इंजिनावर लांब फेरी मारत नाही, बूस्टवर, म्हणजे टर्बोच्या दाबावर, चालवत नाही. शीटला तिच्याच पद्धतीने ग्रेड द्यायची तर बाहेरून ४.५, आतून डी.

सगळ्यात मोठी उणीव गंजाच्या छुप्या जागांची. त्या मॉडेलनुसार ठरलेल्या असतात आणि सर्वसाधारण तपासणीत सुटतात. आर३३ आणि आर३४ स्कायलाइनला पुढच्या स्ट्रट टॉवरचा माथा: पत्र्याचे थर एकमेकांवर असतात, मध्ये पाणी राहतं, आणि सीलरखाली फुगवटा दिसेपर्यंत खालचा थर गेलेला असतो. आर३२ ला मागच्या कमानी, डिकीचा तळ आणि दाराखालच्या सिलवरच्या जॅक लावायच्या जागा. माझदाच्या पहिल्या पिढीच्या युनोस रोडस्टरला मागच्या चाकापुढचं सिल. तिथलं कारण बघण्यासारखं आहे: कापडी छताचं पाणी सीटमागून नळीने सिलमध्ये उतरतं आणि तळाच्या भोकातून बाहेर पडतं, पानं-धूळ जाऊन नळी तुंबली की सिल आतून सडायला लागतं. बाहेरून रंग शाबूत, बोटाने दाबलं की आत जातं. टोयोटाच्या हायलक्स सर्फ आणि प्राडोला चासीच्या मागच्या भागात, जिथे चिखल साठतो तिथे. होक्काइदो, तोहोकु, होकुरिकु या बर्फाळ भागांत रस्त्यावर मीठ टाकतात, त्यामुळे गाडी तिथे चालली असेल तर खालचे फोटो आल्याशिवाय बोली नको. लिलाव टोकियोत आहे म्हणून गाडी टोकियोची असते असं नाही.

यावर उपाय शितामि. एजंटचा माणूस लिलावाच्या आधी आवारात जाऊन गाडी बघतो. यासाठी तो वेगळं शुल्क घेतो, आणि या सगळ्या व्यवहारात इतका वसूल होणारा दुसरा खर्च नाही. फक्त "गाडी कशी आहे?" असं विचारलं तर "चांगली आहे" असंच उत्तर येतं. नेमकं सांगावं लागतं: चाकाच्या कमानीच्या आतल्या काठावरून बोट फिरवा, डिकीचा गालिचा उचलून तळाचा फोटो काढा, तेलाचं झाकण उघडून आत बघा, इंजिन थंड असताना चालू करून धुराचा व्हिडिओ घ्या, चारही टायरचा तारखेचा कोड टिपून घ्या. कोडचे शेवटचे चार आकडे आठवडा आणि वर्ष सांगतात. ०९१२ म्हणजे २०१२ सालचा नववा आठवडा. बारा वर्षांचे टायर आणि भरपूर नक्षी शिल्लक, म्हणजे गाडी उभी होती. उभ्या गाडीचे सील आणि टाकी आधी तपासायची.

मॉडिफाय केलेल्या गाडीत शीटचं मौन जास्त महाग पडतं. आर३२ जीटी-आरचंच घ्या. मूळ टर्बोच्या एक्झॉस्ट बाजूचं चक्र सिरॅमिकचं आहे. बूस्टच्या नळीत कारखान्याने एक छोटा रिस्ट्रिक्टर बसवलेला असतो. तो काढला की फुकटात बूस्ट सुमारे १ बारपर्यंत चढतो. हा उद्योग इतका प्रचलित होता की मूळ रिस्ट्रिक्टर शाबूत असणं हीच गाडी जपल्याची खूण मानता येते. त्याहून बूस्ट वाढवत नेला तर सिरॅमिक चक्र शाफ्टवरून सुटतं आणि त्याचे तुकडे होतात. शीटवर यातलं काही येत नाही; फार तर शागाई बूस्ट मीटर लिहिलेलं असतं. बूस्ट मीटर असलेल्या गाडीत रिस्ट्रिक्टरच्या जागेचा फोटो मागावा. शिवाय या गाडीच्या सुरुवातीच्या आरबी२६ इंजिनात क्रँकवरची ऑइल पंप चालवणारी पकड अरुंद होती. इंजिन वारंवार रेडलाइनवर नेलेल्या गाडीत पंपाचा गिअर तुटतो आणि तेलाचा दाब जातो. ही दुरुस्ती इंजिन उतरवल्याशिवाय नीट होत नाही.

एजंट आणि हिशेब

बोली ही किमतीची सुरुवात असते. तिच्यावर लिलावगृहाचं शुल्क, एजंटचं शुल्क, बंदरापर्यंतची वाहतूक, नोंदणी रद्द करून निर्यातीचा दाखला काढणं, जहाजभाडं आणि विमा चढतो. भाव एफओबी (जहाजात चढेपर्यंतचा) आहे की सीआयएफ (जहाजभाडं आणि विमा धरून) हे पहिल्याच पत्रात विचारून घ्यावं. रोरो जहाजाचं, म्हणजे गाड्या चालवत चढवायच्या जहाजाचं, भाडं बहुधा घनमीटरवर असतं: बीएनआर३२ ची लांबी ४,५४५, रुंदी १,७५५ आणि उंची १,३४० मिमी, म्हणजे सुमारे १०.७ घनमीटर, युनोस रोडस्टर ८.२ च्या आसपास. रोरोला गाडी स्वतःच्या ताकदीने चालली पाहिजे आणि आत सामान ठेवता येत नाही. सुटे भाग सोबत आणायचे असतील किंवा गाडी चालू नसेल तर कंटेनर.

दोन रकमा सहसा कुणी आपणहून सांगत नाही. एक म्हणजे १० टक्के उपभोग कर, जो निर्यातीवर परत मिळतो. दुसरी रीसायकलिंगची अनामत, २००५ पासून लागू झालेल्या कायद्याची, जी निर्यातीनंतर शेवटच्या मालकाला परत मिळते. कागदोपत्री शेवटचा मालक बहुतेक वेळा एजंटच असतो. तो हे पैसे ठेवून घेऊन शुल्क कमी ठेवत असेल तर हरकत नाही, पण दोन एजंटांची तुलना करताना हे धरायला हवं.

तक्रारीची मुदत काही दिवसांचीच असते. लपवलेला आर किंवा मीटरची छेडछाड यावर ती चालते. तीस वर्षांच्या गाडीच्या क्लच, गिअरबॉक्सबद्दल कुणी ऐकून घेत नाही. म्हणून गाडी एजंटच्या आवारात पोचल्या दिवशीच फोटो मागायचे, जहाजात चढताना नाही. आणि गाडी जपानबाहेर कुणा विक्रेत्याकडून घेत असाल तर त्याने दाखवलेली शीट मूळ आहे का हे लिलावाची तारीख, लॉट नंबर आणि फ्रेम नंबर देऊन पडताळून घ्या. ग्रेड खोडून वाढवलेल्या शीटा बाजारात फिरतात.

गाडी उतरल्यावर

शीटवर ताइबेरु कोकान, म्हणजे टायमिंग बेल्ट बदलल्याची नोंद असली किंवा इंजिनावर तारखेचं आणि किलोमीटरचं स्टिकर चिकटवलेलं असलं, तरी बेल्ट बदलायचा. १ लाख किमीचं वेळापत्रक रबर ताजं असल्याचं धरून असतं. १५ वर्षांपूर्वी बसवलेला बेल्ट २०,००० किमीच चालला असला तरी तो पंधरा वर्षांचाच. आरबी२६ मध्ये बेल्ट तुटला की पिस्टन आणि व्हॉल्व्ह भिडतात. युनोस रोडस्टरच्या १.६ लिटरच्या बी६ मध्ये भिडत नाहीत, गाडी फक्त बंद पडते.

बी६ चं काम घरच्या गॅरेजमध्ये करण्यासारखं आहे. दोन्ही कॅम पुली वरच्या खुणांवर, आय आणि ई, जुळवायच्या आणि त्या दोन खुणांच्या मध्ये बेल्टचे बरोबर १९ दात मोजायचे. १८ किंवा २० आले तर गाडी चालू होईल, पण ओढणार नाही. टेन्शनर स्प्रिंगने आपला ताण घेऊ द्यायचा, हाताने रेटून घट्ट करायचा नाही. मग क्रँक पान्याने घड्याळाच्या दिशेने दोन फेरे हाताने फिरवून खुणा पुन्हा बघायच्या. बेल्ट उघडाच आहे तर दोन्ही कॅम सील, पुढचं क्रँक सील आणि वॉटर पंप त्याच वेळी बदलायचे. इंजिनाच्या मागे कॅम अँगल सेन्सरची ओ-रिंग असते. तिची किंमत नगण्य, पण ती गळते तेव्हा तेल हीटरच्या रबरी नळीवर पडून नळी फुगते आणि मेकॅनिक उगाच व्हॉल्व्ह कव्हरचं गॅस्केट बदलत बसतो.

१९८९ ते १९९१ च्या सुरुवातीच्या बी६ मध्ये क्रँकचं नाक आखूड आहे. पुढच्या पुलीला चार खाचा दिसल्या तर हेच इंजिन. त्यात पुलीचा बोल्ट आधी कुणी ढिला ठेवला असेल तर चावीची खाच झिजून पुली डोलायला लागते आणि क्रँकच निकामी होतो. इंजिन चालू ठेवून पुलीकडे समोरून बघितलं की डोलणं दिसतं. हा व्हिडिओ शितामीतच मागवावा. या आखूड नाकाचा बोल्ट १०८ ते ११८ न्यूटन-मीटरला आवळतात, नंतरच्या लांब नाकाचा १५७ ते १६७. दुसरा आकडा पहिल्याला लावू नये.

बेल्टनंतर रबर. ब्रेकच्या चारही नळ्या, ब्रेक फ्लुइड पूर्ण बदलून, कूलंटच्या सगळ्या नळ्या, थर्मोस्टॅट. पेट्रोलची नळी फ्युएल इंजेक्शनच्या दाबाची, जे३० आर९ छापलेली घ्यावी; टाकीच्या आत पंपाला जोडणारा तुकडा मात्र आर१० असावा लागतो, कारण आर९ चं बाहेरचं रबर पेट्रोलमध्ये बुडून फुगतं. हा तुकडा कुणी पटकन तपासत नाही. पंप बदलूनही गाडी दाब धरत नसेल तर चूक बहुतेक तिथेच सापडते.

कॉम्प्रेशन आता तरी मोजाच: इंजिन गरम, सगळे प्लग काढलेले, इग्निशन आणि पेट्रोल पंप तोडलेले, थ्रॉटल पूर्ण उघडा. एकूण आकडा थोडा कमी असला तरी चालेल, पण सिलिंडरांमध्ये १० टक्क्यांहून जास्त तफावत असेल तर कमी असलेल्या सिलिंडरात चमचाभर तेल टाकून पुन्हा मोजायचं. वाढलं तर रिंगा, नाही वाढलं तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केट.

पेट्रोलचंही बघायला हवं. जपानी टर्बो गाड्या तिथल्या हाय-ओकु पेट्रोलवर, म्हणजे जवळजवळ १०० आरओएन ऑक्टेनवर, ट्यून केलेल्या असतात. तुमच्याकडे ९५ च मिळत असेल आणि वर कुणी चिप बदलून इग्निशन पुढे केलेलं असेल, तर मूळ ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, परत बसवणं किंवा नव्याने ट्यून करून घेणं हे पहिल्या लांब फेरीच्या आधीचं काम आहे, नंतरचं नाही.

सुट्या भागांची चिंता पूर्वीइतकी राहिलेली नाही. निसानने निस्मोच्या नावाने आर३२ जीटी-आरचे भाग डिसेंबर २०१७ पासून पुन्हा काढायला सुरुवात केली, पुढे आर३३ आणि आर३४ चेही आले. माझदानेही पहिल्या रोडस्टरसाठी त्याच सुमारास असंच केलं. पण या याद्यांत सगळं नसतं. बोली लावण्याआधी आतल्या प्लास्टिकच्या पट्ट्या, दारांची रबरं आणि दिव्यांची घरं शीटवर आणि फोटोंत शाबूत दिसताहेत का ते बघून घ्यावं; इंजिनाचं गॅस्केट कुठेही मिळतं, डॅशबोर्डचा तुकडा मिळत नाही.

आणि होंडा बीट किंवा नव्वदीच्या सुरुवातीची मित्सुबिशी असेल तर पहिल्याच आठवड्यात ईसीयू उघडा. आतले इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर वयाने गळतात, त्यातलं द्रव बोर्डावरचे तांब्याचे मार्ग खातं, आणि गाडी कधी चालू होते, कधी नाही. झाकण काढल्यावर माशासारखा वास आला किंवा कपॅसिटरच्या बुडाशी तपकिरी डाग दिसला तर चालू असलेली गाडीही बाजूला ठेवायची. तेवढ्याच मायक्रोफॅरडचे, तेवढ्या किंवा जास्त व्होल्टचे, १०५ अंशांचे नवे कपॅसिटर लावण्याआधी बोर्ड आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुवून घ्यायचा, नाहीतर उरलेलं द्रव नव्या डाखाखालूनही मार्ग खात राहतं.